शिंदेशाहीचा सिनेमा कुठे आहे?

मराठी माणसाच्या वर्षातले मोठे दिवस मोजा. आषाढी एकादशी, गणपती, नवरात्र, चौदा एप्रिल आणि मधले सगळे हळदीचे, वरातीचे, जत्रेचे दिवस. या सगळ्या दिवसांत लाऊडस्पीकरवर हमखास ऐकू येणारं घर एकच आहे, शिंद्यांचं. प्रल्हाद शिंदे. त्यांची मुलं आनंद, मिलिंद, दिनकर. आनंद यांची मुलं आदर्श आणि उत्कर्ष. आजोबांच्या आवाजात वारी चालते, मुलाच्या आवाजात वरात नाचते आणि नातवाच्या आवाजात 'दुनियादारी'तला प्रेमभंग होतो. तीन पिढ्या झाल्या, अर्ध्या शतकाहून जास्त काळ गेला आणि गर्दी अजून हटलेली नाही.

आता दुसरी मोजणी करा. या घरावर, थिएटरात तिकीट काढून बघावी अशी कॉन्सर्ट फिल्म किती वेळा लागली? या घराचा इतिहास नीट तपासणारा, दोन तासांचा माहितीपट तुमच्या ओटीटीच्या होम पेजवर किती वेळा दिसला? माझ्या गावात, माझ्या स्क्रीनवर तरी एकदाही नाही.

हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. कोणाचं गाणं 'जपून ठेवायचं' आणि कोणाचं गाणं 'वाजवून सोडून द्यायचं', हे आपण आधीच ठरवून टाकलेलं आहे, आणि त्या ठरवण्याला जात आहे. या लेखात मी भांडणार आहे ते त्याच्याशी.

पॉप कोणाला म्हणायचं?

'फॅमिली पॉप ग्रुप' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोरे भाऊ येतात, एकसारखे कोट घातलेले. बी जीज म्हणजे गिब बंधू. बीच बॉइज म्हणजे तीन विल्सन भाऊ, एक चुलत भाऊ आणि एक मित्र. बी जीजवर २०२० मध्ये फ्रँक मार्शलनं माहितीपट केला, बीच बॉइजवर २०२४ मध्ये त्यानंच आणखी एका दिग्दर्शकाबरोबर केला. दोन्ही मी शनिवार पेठेतल्या माझ्या खोलीत, मोबाइलवर, सबटायटल लावून पाहिले. चांगले आहेत. भावाभावांतली भांडणं, बापाचा धाक, एकत्र गाताना आवाज कसे एकमेकांत मिसळतात त्याचं कोडं, हे सगळं त्यात आहे.

पण मग शिंदे कोण आहेत? पॉप म्हणजे लोकप्रिय, लोकांचं. एका घरातल्या माणसांनी मिळून लोकांचं गाणं पिढ्यान् पिढ्या गायलं, कव्वालीच्या मंचापासून कॅसेटपर्यंत, कॅसेटपासून सिनेमापर्यंत, सिनेमापासून तुमच्या रीलपर्यंत प्रत्येक माध्यम बदललं तरी ते टिकले. याला फॅमिली पॉप ग्रुप म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? आपण त्याला 'लोकगीत गायक' म्हणतो आणि विषय संपवतो. 'लोक' हा शब्द लावला की नाव, साल, स्टुडिओ, वादक, मानधन यांतलं काहीच विचारावं लागत नाही, ही त्यातली सोय.

रमणबागेचं एकच गेट

मी शनिवार पेठेत राहतो आणि व्हिडिओ एडिटिंग करून पोट भरतो. लग्नं, मंडळांचे कार्यक्रम, कॉलेजांची गॅदरिंग. त्यामुळे माझ्या पेठेतलं उदाहरण देतो.

आमच्याकडे रमणबाग शाळेचं मैदान आहे. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव कित्येक वर्षं याच मैदानावर झाला. डिसेंबरची थंडी, शाली, कांदाभजी आणि मारवा. महोत्सव पुढे मुकुंदनगरला गेला, पण पेठेतले लोक अजून 'आमचं सवाई' असंच म्हणतात. या महोत्सवाच्या जोडीनं 'षड्ज' नावाखाली थोर संगीतकारांवरचे माहितीपट दाखवले जातात. दाखवायला माहितीपट आहेत, कारण ते केले गेले. गुलजारांनी भीमसेनांवर केला. जब्बार पटेलांनी कुमार गंधर्वांवर 'हंस अकेला' केला. अशा कामामागे सरकारची फिल्म्स डिव्हिजन वर्षानुवर्षं उभी राहिली. हे झालं ते उत्तमच झालं. मला त्यातली एक फ्रेमसुद्धा कमी करायची नाही.

पण त्याच रमणबाग चौकातून अनंत चतुर्दशीला केळकर रस्त्याची विसर्जन मिरवणूक जाते. त्या रात्री खिडकीच्या काचा कोणाच्या आवाजानं थरथरतात, ते पेठेतल्या कोणालाही विचारा. एका चौकात दोन संगीतं आहेत. एकासाठी खुर्ची, पास, स्मरणिका, प्रदर्शन आणि माहितीपट. दुसऱ्यासाठी डेसिबल मोजणारं यंत्र. दुसऱ्या संगीताबद्दल आपल्याकडे जी कागदपत्रं तयार होतात, त्यात बहुधा पोलिसांकडची तक्रारच जास्त असते.

आवाजाची मर्यादा हवी, याबद्दल माझा वाद नाही. माझ्याही घरात म्हातारी माणसं आहेत. पण भिंती कशानं हादरल्या एवढंच नोंदवायचं आणि त्या गळ्यानं काय केलं ते नोंदवायचंच नाही, हा न्याय नाही.

'यूट्यूबवर आहे की सगळं'

हा पहिला आक्षेप, आणि तो तुमच्या-माझ्या वयाचे लोकच जास्त घेतात. यूट्यूबवर गाणं आहे, माहिती नाही. 'पाऊले चालती' हे प्रल्हाद शिंद्यांचं गाणं तुम्हाला तोंडपाठ असेल. ते लिहिलं कोणी? दत्ता पाटलांनी. चाल कोणाची? मधुकर पाठकांची. ढोलकी, टाळ, हार्मोनियम कोण वाजवत होतं? रेकॉर्डिंग किती वाजता सुरू झालं, किती टेक झाले, प्रत्येकाला किती पैसे मिळाले? वरातीच्या व्हिडिओखालच्या शेकडो कमेंटमध्ये हे सापडणार नाही. हे माणसांच्या डोक्यात आहे आणि ती माणसं म्हातारी झाली आहेत.

आपल्या क्लिपकडेही जरा नीट बघा. मी रोज त्या कापतो, म्हणून सांगतो. चाळीस सेकंद, उभी फ्रेम, मधोमध गायक, आवाज मोबाइलच्या माइकवर फाटलेला. ढोलकीवाला फ्रेमच्या बाहेर. कोरस फ्रेमच्या बाहेर. समोरचा माणूस ज्या कडव्याला रडतो ते कडवं क्लिपच्या बाहेर. अशा हजार क्लिप जोडल्या तरी एक कार्यक्रम तयार होत नाही.

जगात काय होतं पाहा. १९६९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत कृष्णवर्णीय कलाकारांचा मोठा महोत्सव झाला. सुमारे ४० तासांचं चित्रीकरण झालं. त्याच वर्षीच्या वुडस्टॉकवर सिनेमा निघाला, तो जगभर गाजला. हार्लेमच्या टेप मात्र पन्नास वर्षं तळघरात पडून राहिल्या. २०२१ मध्ये त्यातून 'समर ऑफ सोल' झाला आणि त्याला ऑस्कर मिळालं. अरेथा फ्रँकलिननं १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री गायलं. कॅमेरे होते, दिग्दर्शक मोठा होता, पण क्लॅपबोर्ड वापरले नाहीत म्हणून चित्र आणि आवाज जुळेनात. तो सिनेमा २०१८ मध्ये, ती गेल्यावर, लोकांसमोर आला.

त्यांच्याकडे निदान टेप होत्या. आपल्याकडे काय आहे? प्रल्हाद शिंदे २००४ मध्ये गेले. भीमगीतांचे मोठे कवी वामनदादा कर्डकही त्याच वर्षी गेले. एका वर्षात दोन विद्यापीठं बंद झाली, आणि त्यांचे वर्ग पूर्ण लांबीचे, नीट आवाजात रेकॉर्ड करून ठेवणं हे कोणत्याही संस्थेला आपलं काम वाटलं नाही.

'बायोपिक काढा की'

दोन वर्षांपूर्वी मी एका निर्मात्याकडे गायक घराण्यांवरच्या माहितीपटाचं टिपण घेऊन गेलो होतो. त्यानं पाच मिनिटांत उत्तर दिलं, "डॉक्युमेंटरी कोण बघतं? बायोपिक कर. चांगला हिरो घेऊ." नंतर हळूच म्हणाला, "आणि विषय जरा क्लासी घे."

मराठीत संगीताचे चरित्रपट निघतात. 'बालगंधर्व' २०११ मध्ये आला, 'महाराष्ट्र शाहीर' २०२३ मध्ये, 'स्वरगंधर्व सुधीर फडके' २०२४ मध्ये. शाहीर साबळ्यांवरचा सिनेमा तर त्यांच्या नातवानंच, केदार शिंद्यांनी केला. पण चरित्रपटात नट असतो, गायक नसतो. नट ओठ हलवतो. शिंद्यांच्या गाण्यात खरी गंमत आहे ती श्वासात: वरच्या पट्टीत आवाज टाकताना मान कशी मागे जाते, ढोलकीवाल्याकडे बघून भुवई कशी उडते, समोरून चिठ्ठी आली की गाणं मधेच कसं वळतं. हे नटाला शिकवता येत नाही. ते होत असताना सात-आठ कॅमेऱ्यांनी पकडावं लागतं. कॉन्सर्ट फिल्म नावाचा प्रकार त्यासाठीच आहे.

'पण दर्जा?'

हा खरा आक्षेप. बाकीचे दोन याचेच चुलत भाऊ. आनंद शिंद्यांनी ऐंशीच्या दशकातल्या कॅसेटयुगात पोपटाचं गाणं गायलं, पुढे 'जत्रा'मध्ये वैशाली सामंतबरोबर 'कोंबडी पळाली' गायलं. मग हे काय जतन करायचं?

त्या कोंबडीचं पुढे काय झालं ते आठवा. अजय-अतुलची तीच चाल २०१२ मध्ये 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन गेली आणि देशभर नाचली. चाल मुंबईच्या मोठ्या बाजारात गेली, आवाज इथेच राहिला. म्हणजे चाल 'दर्जाहीन' नव्हती. ज्या गळ्यातून ती आधी आली, तो गळा आपल्याला 'गावठी' वाटत होता.

बी जीजच्या माहितीपटात याच्याशी जुळणारा एक भाग आहे. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल मैदानात हजारो लोकांनी डिस्कोच्या रेकॉर्ड आणल्या आणि त्या स्फोट करून उडवून दिल्या. 'डिस्को घाण आहे' ही घोषणा. तेव्हा त्या मैदानात काम करणारा एक कृष्णवर्णीय तरुण आज सांगतो की लोक घेऊन येत होते त्यातल्या कित्येक रेकॉर्ड डिस्कोच्या नव्हत्याच, त्या फक्त काळ्या कलाकारांच्या होत्या. चांगला माहितीपट असं करतो. अभिरुचीच्या वेष्टनात गुंडाळलेला तिरस्कार उलगडून दाखवतो.

आपल्याकडे हे वेष्टन अजून कोणी उघडायला तयार नाही. लावणीतली द्विअर्थी ओळ 'शृंगार' आणि कॅसेटमधली 'अश्लील', हे कोणत्या मोजपट्टीनं ठरलं? पोपटाच्या गाण्यावर टीका जरूर करा. पण टीका करायलासुद्धा आधी ते गाणं गंभीरपणे घ्यावं लागतं.

शोक चित्रित होतो, जल्लोष होत नाही

कोणी म्हणेल, आंबेडकरी गायकांवर सिनेमा झालाय की. झालाय. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' २०११ मध्ये आला. ११ जुलै १९९७ ला मुंबईच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली, आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरेंनी आपलं आयुष्य संपवलं. तिथून सुरू झालेला हा सिनेमा पूर्ण व्हायला चौदा वर्षं लागली. पुण्याच्या कबीर कला मंचाची पोरं त्यात आहेत. मराठी गाण्यावर झालेला यापेक्षा मोठा माहितीपट मला माहीत नाही.

पण त्याची सुरुवात मृत्यूनं होते, आणि माझा मुद्दा इथेच आहे. शास्त्रीय गायकावर सिनेमा होतो तो त्याच्या कलेसाठी. दलित गायक पडद्यावर यायला गोळीबार व्हावा लागतो का? त्याच्या दुःखाला आपण कॅमेरा देतो, कारण त्याचं दुःख बघून आपल्याला आपण चांगले आहोत असं वाटतं. त्याचं कौशल्य, त्याचा माज, त्याची धमाल, चौदा एप्रिलच्या रात्री हजारो माणसं एका सुरात म्हणतात तो विजय, याला मात्र कॅमेरा नाही. जल्लोष हाही इतिहास असतो. जी माणसं एकेकाळी गावाच्या रस्त्यावरून ताठ मानेनं चालू शकत नव्हती, ती भर चौकात नाचतात, ही साधी गोष्ट नाही. ती गोष्ट पूर्ण लांबीची, चांगल्या आवाजातली, मोठ्या पडद्यावरची असायला हवी.

न विचारलेला प्रश्न

शिंदे घराणं मूळचं मंगळवेढ्याचं. मंगळवेढा म्हणजे चोखोबांचं गाव. तिथून पंढरपूर तासाभराच्या आत. पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार दलितांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ मध्ये उपोषण केलं, तेव्हा प्रल्हाद शिंदे तेरा-चौदा वर्षांचे होते. १९५६ मध्ये बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञांमध्ये जुने देव सोडायला सांगितलं. आणि पुढे अख्ख्या महाराष्ट्राच्या कानात विठ्ठलाचं गाणं म्हणून जो आवाज बसला, तो प्रल्हाद शिंद्यांचा. त्याच गळ्यानं भीमगीतंही गायली.

केवढा मोठा प्रश्न आहे हा! पोटासाठी गायले? प्रेमानं गायले? ज्या देवळाच्या दारात पूर्वज अडवले गेले, त्या देवळाचा आवाज होताना मनात काय चाललं होतं? वस्तीतल्या लोकांनी त्यांना जाब विचारला का? आणि पेठेतल्या ज्या घरांत हे गाणं एकादशीला लागतं, त्या घरांना गाणारा माणूस कोण हे माहीत असतं का?

अमेरिकेत याला जवळचं घर आहे, स्टेपल सिंगर्स. बाप मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यातून शिकागोला आला, पोरांना घेऊन चर्चमध्ये गायला लागला. पुढे हे कुटुंब मार्टिन ल्यूथर किंगच्या चळवळीसाठी गायलं आणि १९७२ मध्ये त्यांचं गाणं अमेरिकेच्या पॉप यादीत पहिलं आलं. देवाचं, चळवळीचं आणि नाचायचं गाणं एकाच घरात. मार्टिन स्कॉर्सेसीच्या 'द लास्ट वॉल्ट्झ'मध्ये ते दिसतात, पण मूळ कार्यक्रमाच्या मंचावर ते नव्हते; त्यांचं गाणं नंतर स्टुडिओत मुद्दाम चित्रित केलं गेलं. ते घर नसेल तर चित्र अपुरं राहील, हे कोणाला तरी कळलं. त्या घरातल्या मेव्हिसवर २०१५ मध्ये स्वतंत्र माहितीपटही झाला.

आरती नको, सिनेमा हवा

शेवटी एक सावधगिरी. कुटुंबानं स्वतःच पैसे घालून स्वतःची आरती ओवाळलेला सिनेमा मला नको आहे. जगभर हल्ली असे खूप निघतात: प्रत्येक मुलाखत गोड, प्रत्येक वाद दोन वाक्यांत मिटलेला. शिंद्यांवरच्या सिनेमानं अवघड प्रश्न विचारले पाहिजेत. मंचावर पुढे दिसतात ते आजोबा, मुलं, नातू. या घरातल्या बायकांच्या गळ्याचं काय झालं? कॅसेटच्या धंद्यात कोण श्रीमंत झालं आणि कोरसवाल्याला काय मिळालं? आणि शेवटची कात्री कुटुंबाच्या हातात नसावी. प्रेम करणाऱ्यानंही प्रश्न विचारावेत, एवढा मान या घरानं कमावला आहे.

हे करणं अशक्य नाही. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आहे, १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि गल्लोगल्ली माझ्यासारखे कॅमेरा-लॅपटॉपवाले आहेत. एक मोकळं मैदान, एक रात्र, मिक्सरमधून थेट घेतलेला आवाज, प्रत्येक वादकावर एक कॅमेरा, गर्दीवर तीन, आणि शेवटी प्रत्येकाचं नाव पडद्यावर वाचता येईल इतका वेळ थांबवलेलं. महोत्सव भरवणाऱ्यांनी अशी एक संध्याकाळ आपल्या कार्यक्रमपत्रिकेत धरावी. ओटीटीवाल्यांनी 'क्लासी' हा शब्द काही दिवस बाजूला ठेवावा.

आणि तुम्ही, ज्यांच्या खिशात कॅमेरा आहे: पुढच्या जयंतीला फोन आडवा धरा. गाणं पूर्ण घ्या. दोन मिनिटं ढोलकीवाल्याकडे वळवा आणि कार्यक्रम संपल्यावर त्याचं नाव, गाव विचारून फाइलच्या नावात लिहून ठेवा. मूळ फाइल उडवू नका. आनंद आणि मिलिंद शिंदे आज मंचावर आहेत, त्यांच्याबरोबर वाजवणारे आहेत, जुन्या रेकॉर्डिंगला हजर असलेली काही माणसं अजून आहेत. प्रल्हाद शिंद्यांच्या वेळी प्रत्येकाकडे कॅमेरा नव्हता, ही सबब आपल्याला वापरता येणार नाही.